अण्णा एवढे गोरे नव्हते

सीडी घेऊन ताई आल्या तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि मी स्टुडिओचं शटर अर्धं ओढून डबा खात होतो. सासवडसारख्या गावात अशा आडवेळी स्टुडिओत कुणी आलं की कारण बहुतेक एकच असतं. "दादा, अण्णा गेले. दहाव्याला फ्रेम पाहिजे." मी डबा झाकला. पासपोर्ट फोटोवाल्याला 'संध्याकाळी या' म्हणता येतं, या कामाला म्हणता येत नाही.

अण्णांचा, म्हणजे ताईंच्या वडिलांचा, एकट्याचा धड फोटो घरात नव्हता. आधार कार्डावर होता, पण "त्यात ते कुणीतरी धरून आणल्यासारखे दिसतात" असं ताईंचं म्हणणं, आणि ते आपल्या सगळ्यांच्याच आधार कार्डाबद्दल खरं आहे. धाकट्या बहिणीच्या लग्नात, २०११ साली, अण्णा फेटा न बांधता टोपीवरच मांडवात उभे होते आणि त्या फोटोत हसत होते, एवढं ताईंना पक्कं आठवत होतं. ज्याने लग्नाचे फोटो काढले त्याने पुढे धंदाच बंद केला. त्याने दिलेली ही सीडी. तिच्यावर आयएमजी आणि पुढे आकडे अशा नावांच्या फायली, आणि प्रत्येकीच्या शेपटीला सीआर२. मुलाने लॅपटॉपवर उघडून पाहिलं, चित्र दिसेना. झेरॉक्सवाल्याकडे नेली, तो म्हणाला, फायली करप्ट आहेत.

फायली कच्च्या होत्या, एवढंच. रॉ म्हणतात त्या. त्या गड्याने घाईत की चुकून, न शिजवलेला माल गिऱ्हाइकाच्या हातात ठेवला होता. आणि हे मला पाहताक्षणी कळलं, कारण कधीकाळी मीही असाच एका फायलीपुढे बावळटासारखा बसलो होतो.

२००९ मध्ये पतसंस्थेचं कर्ज काढून मी निकॉन डी९० घेतला. त्याआधी फिल्म, आणि त्याहीआधी वडिलांचा कृष्णधवल कारभार. मागच्या खोलीत लाल दिवा, तीन ट्रे, डेव्हलपर, पाणी, हायपो. उटीला तयार होणारी सरकारी 'इंदू' फिल्म आणि कागद. मी सहावी-सातवीत असल्यापासून त्या खोलीत ट्रे हलवायला उभा असायचो. तेव्हा डिजिटल कॅमेरा आला म्हणजे ती खोली संपली, असंच मी धरून चाललो. खोलीत अल्बमची खोकी रचली. बटण दाबलं, मागे फोटो दिसला, तोच फोटो. जेपेग. काम झालं.

जेजुरीने हा भ्रम घालवला.

सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला निघते. भंडाऱ्याची उधळण म्हणजे काय हे पाहिल्याशिवाय कळायचं नाही. हवा पिवळी, जमीन पिवळी, माणसं पिवळी. कॅमेऱ्याला दुधाची पिशवी रबराने गुंडाळून मी दीपमाळेच्या आडोशाला उभा राहिलो आणि मन भरेपर्यंत फोटो काढले. घरी येऊन पाहतो तर भंडाऱ्याच्या जागी पिवळे डाग. ढगासारखा उठणारा, विरळ होत जाणारा, उन्हात पोत दिसणारा भंडारा गायब. कुणीतरी पिवळ्या ऑइलपेंटचा ब्रश फिरवावा तसं सपाट. माणसांचे चेहरे मात्र निळसर-करडे, कारण कॅमेऱ्याला एवढा पिवळा रंग खरा वाटेना आणि त्याने आपल्या अकलेने तो कापून काढला. ऑटो व्हाइट बॅलन्सची अक्कल ती. तिला जेजुरी कुठली माहीत असायला!

नशिबाने त्या दिवशी कॅमेरा रॉ आणि जेपेग दोन्हीवर लावलेला होता. लावला होता म्हणजे, राहून गेला होता. कार्डावर प्रत्येक फोटोच्या दोन फायली. एनईएफ नावाच्या त्या दुसऱ्या फायली जागा खातात म्हणून मी आजवर पुसतच आलो होतो.

त्याच सुमाराला माझा कॉम्प्युटर बसला. खरं सांगायचं तर त्यावरचं सगळंच चोरीचं होतं. आमच्या धंद्यात तेव्हा एडिटिंगचं सॉफ्टवेअर विकत कुणी घेतच नव्हतं, सीडीवर 'क्रॅक'सकट फिरायचं. त्या क्रॅकबरोबर आलेल्या व्हायरसने दोन लग्नांची डिझाइन केलेली पानं खाल्ली. बारा बाय छत्तीसची पानं होती ती, करिझ्मा अल्बमची. एका गिऱ्हाइकाची बोलणी मी आजही विसरलेलो नाही. पॉलिटेक्निकला असलेला भाचा आला, त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मामा, उबुंटू टाकू का? फुकट आहे, आणि चोरीचंही नाही." फुकट आणि चोरीचं नाही, या दोन गोष्टी एकत्र असू शकतात हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

उबुंटूवर गिंप होतं आणि गिंपला जोडलेलं यूएफरॉ नावाचं एक छोटं साधन. एनईएफवर डबल क्लिक केलं की यूएफरॉची खिडकी उघडायची. जेजुरीची फाइल उघडली. पिवळ्याचा कापलेला तोल परत आणला, एक्स्पोजर थोडं खाली ओढलं, आणि सपाट डागाच्या आतून भंडारा वर आला. कडा विरत गेलेल्या, मधे एका पोराची उचललेली मूठ, आणि तिच्यातून सुटणारी धार. हे सगळं कॅमेऱ्याने टिपलेलं होतं. जेपेग करताना त्यानेच फेकून दिलं होतं.

का फेकलं, याचा छडा लावायला मला बरेच महिने लागले, आणि तो लावून दिला भाच्याने आणून दिलेल्या एका जुनाट प्रोग्रॅमने. त्याचं नाव डीसीरॉ. त्याला खिडकी नाही, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची. डेव्ह कॉफिन नावाच्या अमेरिकन माणसाने तो १९९७ मध्ये लिहायला घेतला आणि पुढची वीस वर्षं एकट्याने वाढवत नेला. कॅमेरा कंपन्या आपल्या रॉ फायलींची रचना जाहीर करत नाहीत. प्रत्येकीची भाषा वेगळी, पुन्हा मॉडेलगणिक बदल. हा माणूस फायली समोर ठेवून एकेका कॅमेऱ्याची बोली ओळखत गेला. एका नामांकित कंपनीने २००५ च्या सुमाराला व्हाइट बॅलन्सचे आकडे कुलूपबंद करून ठेवले, तर त्याने तेही कुलूप उघडलं. आणि हे सगळं सी भाषेतल्या एकाच फायलीत. जगातल्या कितीतरी रॉ उघडणाऱ्या प्रोग्रॅमांनी, विकतच्यासुद्धा, ती फाइल आपल्या पोटात घातली. शेवटची आवृत्ती २०१८ ची. पण त्यातूनच निघालेलं लिबरॉ हे पुढचं काम आजही चालू आहे.

तर या डीसीरॉला एक सूचना देता येते. वजा चिन्ह आणि मोठा डी. अर्थ असा की, काहीही करू नकोस, सेन्सरवर जे पडलं ते तसंच दाखव. मी जेजुरीचा फोटो तसा काढला. रंग नाहीच. काळपट, करडं चित्र. झूम केलं, आणखी केलं, आणि माझ्या पायाखालची जमीन थोडी हलली. समोर सारीपाटासारखी घरं. भंडाऱ्याच्या भागात चारातली तीन घरं उजळ, एक काळं. शेजारी एका बाईच्या कपाळावर कुंकवाचा मळवट होता, तिथे उलटं; चारात एकच उजळ, बाकी अंधार.

कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी १९७६ च्या पेटंटात मांडलेली ही घरं. सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर एका रंगाची काच. चारात दोन हिरव्या, एक तांबडी, एक निळी. म्हणजे कुठलाही ठिपका एकच रंग पाहतो, उरलेले दोन त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे बघून ताडायचे. पिवळ्या भंडाऱ्यात निळी काच तेवढी काळी राहते, कुंकवात तांबडी तेवढी उजळते. आपण ज्याला रंगीत फोटो म्हणतो त्यातला दोन तृतीयांश रंग असा हिशेबाने भरलेला असतो. आणि भंडाऱ्याचं काय झालं होतं तेही इथेच उमगलं. दिवसाच्या उजेडात सेन्सर हिरवा जास्त घेतो, तांबडा कमी. म्हणून कॅमेरा तांबड्याला जवळपास दुपटीने गुणतो. भंडाऱ्यात मुळातच तांबडं भरपूर. गुणाकार झाल्यावर ते जेपेगच्या मापात मावेना, काठावरून सांडलं. जेपेगला उजेडाच्या २५६ पायऱ्या, डी९० च्या रॉला ४०९६. वडिलांच्या भाषेत सांगायचं तर निगेटिव्ह चांगली होती, प्रिंट जळाली होती.

मग अल्बमची खोकी मागच्या खोलीतून बाहेर काढली आणि कॉम्प्युटर तिथे नेला. दिवा पांढराच, पण खोली तीच. योगायोग असा की पुढे मी ज्यावर स्थिरावलो त्या डार्कटेबलमध्ये फोटो निवडायच्या पानाला लाइटटेबल म्हणतात आणि कामाच्या पानाला डार्करूम. योहानेस हानिका या जर्मन गृहस्थाने २००९ मध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर. बुडापेस्टच्या गाबोर होर्वाथ यांचं रॉथेरपी २०१० मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. तेही मी वापरतो, बारीक पोत ओढून काढायला ते मला जास्त आवडतं. डार्कटेबलने सुरुवातीला माझं डोकं गरगरवलं हे कबूल करतो. डझनावारी मॉड्यूल, एकेकात दहा पट्ट्या. दोनदा काढून टाकलं आणि दोनदा परत घातलं. आता त्यातली सातआठच वापरतो. बाकीची कुणासाठी आहेत देव जाणे.

सगळं रॉवर करा, असं मी कुणाला सांगणार नाही. स्टेजवर आहेराची रांग लागते तेव्हा मी मुकाट्याने जेपेगवर जातो. पाचशे माणसं नवरा-नवरीच्या शेजारी तशीच उभी राहणार, तोच फ्लॅश, त्यात शिजवायचं काय? हळद, मांडवातला अंधार, पाठवणी, हे रॉवर. आणि नवाकोरा कॅमेरा घ्यायचा असेल तर आधी पाहून घ्यावं की डार्कटेबलच्या यादीत त्याचं नाव आलंय का. कॅननने २०१८ मध्ये सीआर३ नावाची नवी फाइल आणली. डार्कटेबलमध्ये ती सरळ उघडायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. तेवढी वर्षं मी ओळखीतल्यांचे कॅमेरे नुसते हाताळून परत देत होतो.

पण ताई थांबल्या होत्या, आणि सीडी.

सीडीचा ड्राइव्ह माझ्याकडे अजून आहे, म्हणून गावभरच्या जुन्या सीड्या माझ्याकडे येतात. ही सीडी कण्हत कण्हत वाचली गेली. तीन फायली शेवटपर्यंत आल्याच नाहीत. बाकीच्या डार्कटेबलमध्ये ओढल्या आणि लाइटटेबलवर मांडव उभा राहिला. ताईंनी तोंडाला पदर लावला. "हे बघ, शकूमावशी. ही पण गेली." त्यांचा कॉलेजातला मुलगा खुर्चीमागे येऊन उभा राहिला. मी पुढे सरकत गेलो आणि एका फोटोत अण्णा सापडले. कॅनन ५५०डी, आयएसओ १६००. पुढे विहिणी उजेडात, मागे खांबाला टेकून अण्णा सावलीत. हसत होते, पण चेहरा कोळशासारखा. वर पिवळं कापड, बाजूला ट्यूबलाइट, म्हणजे एक गाल पिवळा आणि एक हिरवट.

एक्स्पोजर दोन स्टॉप वर नेलं. म्हणजे उजेड चौपट. अण्णा अंधारातून पुढे आले आणि त्यांच्याबरोबर गव्हाच्या कोंड्यासारखा दाणाही. त्यावर डार्कटेबलकडे एक छान सोय आहे. कुठल्या कॅमेऱ्याला कुठल्या आयएसओवर किती दाणा येतो, याची मोजमापं जगभरच्या हौशी लोकांनी करून आत भरून ठेवली आहेत. त्याने ५५०डी ओळखला, सोळाशे ओळखलं, आणि दाणा बसवला. चेहऱ्याची कातडी मेणासारखी होऊ नये म्हणून मी थोडा परत आणला.

आता पांढऱ्याचा तोल. फोटोत पांढरी वस्तू शोधायची आणि प्रोग्रॅमला सांगायचं की हे पांढरं आहे, बाकी तू जुळव. अण्णांच्या डोक्यावर गांधी टोपी. याहून चांगलं काय? टोपीवर टिचकी मारली. चेहरा एकदम तांबूस-पिवळा, कावीळ झाल्यासारखा. पुन्हा दुसऱ्या ठिकाणी मारली, तेच. मी चक्रावलो. ताईच म्हणाल्या, "आई नीळ घालायची टोपीला. कडक." झालं. टोपी पांढरी नव्हतीच, निळसर होती. मी निळ्याला पांढरं म्हटलं, म्हणून बिचाऱ्या प्रोग्रॅमने निळं काढून घेतलं आणि उरलेल्या चित्रात पिवळं ओतलं. वीस वर्षं धंद्यात आणि नीळ लक्षात येत नाही! मग टोपी सोडली, खांबाचा चुना धरला. गाल जुळले.

मग एक सवयीचं काम हाताने आपोआप केलं. चेहऱ्यापुरता लंबगोल मास्क काढला आणि तेवढाच आणखी उजळला. वडील एन्लार्जरखाली तारेला पुठ्ठ्याची चकती लावून हेच करायचे. कागदावर उजेड पडत असताना चेहऱ्यावर चकती हलवत राहायचं, तेवढ्या जागी उजेड कमी पडतो आणि माणूस गोरा येतो. मुलगी दाखवायच्या फोटोंना तर ती चकती हमखास. आमच्या स्टुडिओने गावातल्या किती मुली अशा गोऱ्या करून सासरी धाडल्या त्याची मोजदाद नाही.

"अरे वा," मुलगा म्हणाला. "मस्त दिसतायत आजोबा."

ताई पुढे वाकल्या. बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "दादा, अण्णा एवढे गोरे नव्हते."

"आई, राहू दे ना. छान आलाय."

"छान आलाय. पण हा कुणीतरी सरकारी नोकर वाटतोय. आयुष्य उसाच्या सरीत गेलं त्यांचं. इथं," त्यांनी पडद्यावर कपाळाला बोट लावलं, "टोपीची रेघ होती. रेघेच्या वर गोरं, खाली काळं. टोपी काढली की आम्ही हसायचो."

मास्क काढून टाकला. एक्स्पोजर पाऊण स्टॉप खाली. फायलीत पाहिलं तर टोपीच्या काठाशी, केसांच्या खाली, ती रेघ खरंच होती. अर्ध्या बोटाएवढी फिकट पट्टी. मी दाणा पुसताना ती जवळजवळ पुसली होती. पुसणं आणखी कमी केलं. रेघ आली, डोळ्याखालच्या सुरकुत्या आल्या, गालावरचं खुंट आलं. मी प्रत्येक पट्टी सरकवायची आणि ताईंनी "अजून थोडं", "नको, मागं", असं म्हणायचं, हे अर्धा तास चाललं. मधे मुलाने चहा आणला. १४ बिटांच्या त्या फायलीत सोळा हजारांवर पायऱ्या आहेत. अण्णांचा रंग त्यातल्या नेमक्या कुठल्या पायरीवर, हे खोलीत एकाच माणसाला ठाऊक होतं.

रात्री प्रिंट काढली, बारा बाय अठरा, मॅट. फ्रेमवाल्याकडून दुसऱ्या दिवशी आणली. ताईंनी पैसे विचारले. फ्रेमचे आणि कागदाचे घेतले. फायली उघडायचे किती, म्हणाल्या. मी म्हटलं, त्याचे मलाही कुणी घेतले नाहीत.

माझ्या डिस्कवर अण्णांची मूळ सीआर२ आहे तशीच आहे. डार्कटेबल तिला हात लावत नाही. काय काय सरकवलं ते शेजारी एक्सएमपी नावाच्या चिमुकल्या फायलीत लिहून ठेवतो. तशा दोन ठेवल्या आहेत, एक गोऱ्या अण्णांची आणि एक ताईंच्या अण्णांची.

आता एक विनंती. तुमच्या घरात लग्नाची, बारशाची, सहलीची एखादी जुनी सीडी किंवा पेन ड्राइव्ह 'फोटो दिसत नाहीत' म्हणून ड्रॉवरात पडलेली असेल, तर टाकण्याआधी फायलींच्या शेवटची अक्षरं बघा. एनईएफ, सीआर२, एआरडब्ल्यू, डीएनजी, असं काही दिसलं तर फोटो आत आहेत. आधी सगळ्या फायली हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, कारण सीडीचा भरवसा नाही. माझ्याकडे त्या दिवशी तीन फायली आल्या नाहीत त्या नाहीतच. मग डार्कटेबल किंवा रॉथेरपी उतरवा. विंडोजवरही चालतात. आणि चेहऱ्याला हात लावण्याआधी घरातल्या जुन्या माणसाला शेजारी बसवा.